वडाखालचा पार

वैशाख उतरणीला लागला की आमच्या रस्त्यावर करवती येतात. आदल्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर निरोप फिरतो, गाड्या हलवा, उद्या फांद्या तोडायला माणसं येणार आहेत. सकाळी टेम्पो येऊन उभा राहतो, दोघं दोर घेऊन झाडावर चढतात, आणि मग दिवसभर ती यंत्राची करवत थांबून थांबून ओरडत राहते. पावसात फांदी कुणाच्या डोक्यात पडू नये म्हणून ही छाटणी. त्यात गैर काही नाही. एके काळी मीच मागे लागून लागून ही माणसं बोलावलेली आहेत.

आता मी अकराव्या मजल्यावर राहतो. इथून झाडं वरून दिसतात. भाजीवाल्याच्या टोपलीत कोथिंबिरीच्या जुड्या लावाव्यात तशी ओळीने, बुंधे नसल्यासारखी. आवाज मात्र वर येतो, आणि खाडीकडून वारा असला तर वासही येतो. गुलमोहर कापला तर फारसं काही कळत नाही. वड कापला की कळतं. त्याचा चीक उघड्यावर आला की हवेत एक कच्च्या दुधासारखा, किंचित तुरट वास पसरतो. यंदा नाल्याच्या कोपऱ्यावरचा वड छाटायला घेतला तेव्हा मी दाढी करत होतो. वास आला आणि मी खिडकी लावून घेतली. अर्धी दाढी तशीच ठेवून कितीतरी वेळ स्टुलावर बसून राहिलो.

मुलुंड पूर्वेला, मिठागराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जिथे आज आमचा टॉवर आहे तिथे आमची जुनी तीन मजली इमारत होती. तिचं नाव काहीतरी देवाधर्माचं होतं, पण ते फक्त फाटकावरच्या पाटीला माहीत होतं. रिक्षावाला, पोस्टमन, पेपरवाला, लग्नाच्या पत्रिका वाटणारे पाहुणे, सगळ्यांना ती इमारत ‘वडापाशी’ म्हणून माहीत. वड इमारतीच्या आधीचा. किती आधीचा ते कुणालाच सांगता येत नव्हतं. कंपाउंडची भिंत बांधताना कंत्राटदाराने त्याच्यासाठी ती वाकडी घेतली होती. सरळ येता येता भिंत एकदम पोट आत घेऊन वडाला वळसा घालायची आणि पुन्हा सरळ व्हायची. एखाद्या वयस्क माणसाला रस्ता द्यावा तशी.

माझे वडील गिरणीत होते. आमचं लहानपण परळच्या चाळीत गेलं, तिथे झाड म्हणजे गॅलरीतली तुळस. त्यामुळे दुसऱ्या मजल्यावरच्या माझ्या दोन खोल्यांची खिडकी पहिल्यांदा उघडली आणि समोर पानंच पानं दिसली तेव्हा मला एखादी न मागितलेली गोष्ट मिळाल्यासारखं झालं होतं. वैशाखात त्याला नवी पालवी असायची, तांबूस, लहान बाळाच्या तळव्यासारखी. भर दुपारी खोलीत हिरवट उजेड असायचा. पंखा बंद करून झोपलो तरी चालायचं. फळांच्या दिवसांत पक्ष्यांचा असा कल्ला की रेडिओवरच्या बातम्या ऐकू यायच्या नाहीत, आणि खाली उभ्या केलेल्या स्कूटरींची जी दशा व्हायची ती सांगण्यासारखी नाही.

त्या वडाच्या अगदी बुडाशी, तळमजल्यावर, तायडे राहायचा. मधुकर तायडे, टेलिफोन खात्यात होता. मूळचा अकोल्याकडचा. इमारतीत बहुतेक आम्ही कोकणातले, बौद्ध कुटुंब त्यांचं एकच. माझ्याच वयाचा, त्यामुळे पहिल्या महिन्यापासून आमचं अरेतुरे. जीभ तिखट. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तो बोलायला उभा राहिला की लोक आधीच हसायच्या तयारीत असायचे.

त्याचा वडाशी उभा दावा होता. मुळं त्याच्या मोरीच्या पाइपात शिरायची. दर पावसाळ्यात त्याच्या न्हाणीघरात पाणी उलटं यायचं. मीटिंगमध्ये तो म्हणायचा, “तुम्ही सगळे वर राहता, तुम्हाला सावली. मी खाली राहतो, मला मुळं.”

“अरे देवाचं झाड आहे तायडे,” कुणीतरी म्हणायचं.

“मग देवाला सांगा ना माझी मोरी साफ करायला.”

हसून सगळे घरी जायचे. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कामावरून यावं तर हाच तायडे वडाखाली लोखंडी खुर्ची टाकून, बनियनवर, पेपर वाचत बसलेला. मी फाटकातून आत आलो की पेपरवरून बघायचा. “काय परब, आज लवकर सुटका?” त्याच्या शेजारी अर्धा तास बसल्याशिवाय मी क्वचितच वर गेलो असेन. त्या अर्ध्या तासात आम्ही काय बोलायचो ते आता एक वाक्यही आठवत नाही. फक्त वरून एखादं पिकलेलं फळ पेपरवर टप्पकन पडायचं आणि तो ते बोटाने उडवायचा, एवढं आठवतं.

मी तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी होतो. कुणाला नको असलेलं काम माझ्याकडे आलं आणि मग बरीच वर्षं राहिलं.

वटपौर्णिमेला आमच्या वडाखाली आख्ख्या गल्लीतल्या बायका यायच्या. ज्येष्ठातली पौर्णिमा, तोवर एकदोन सरी झालेल्या असायच्या. पिवळ्या-हिरव्या साड्यांचे काठ चिखलात लोळायचे, सुताचे वेढे घालता घालता चपला रुतायच्या, आंब्यांची ताटं ठेवायला कोरडी जागा सापडायची नाही. एका वर्षी माझी बायको घरी आली ती तणतणत. ती मालवणची, चिडली की तिकडचंच बोलायची.

“हो काय हो सेक्रेटरी, पूजा करूची की पाय धुवूचे? येक पार बांधूक जमना नाय तुमका?”

मला जमलं. मीटिंगमध्ये विषय मांडला आणि पहिल्यांदाच सगळ्यांचे हात वर गेले. तायडेचाही गेला. फक्त खाली आणता आणता म्हणाला, “म्हणजे झाडाला सिमेंटचे बूट घालणार तर.” सगळे हसले. मीही हसलो.

पुढच्या हिवाळ्यात मी उभं राहून पार बांधून घेतला. सुट्टी काढली होती त्यासाठी. गवंड्याने बुंध्याभोवती गोल चर खणायला घेतला, पाया भक्कम पाहिजे म्हणून खोल. पहिल्याच दिवशी तो थांबला आणि मला हाक मारली. चरात माझ्या मांडीएवढी मुळं आडवी आली होती.

“साहेब, याचं काय करायचं?”

मी खाली वाकून बघितलं. मुळाची साल खरवडली होती तिथून पांढरा चीक येत होता. चराचा घेर थोडा वाढवता आला असता. पण मग पार वाकडा झाला असता आणि फाटकातून गाडी वळली नसती. मी म्हणालो, “काप.”

ती सगळी कापली. पार नीट दिसावा म्हणून खाली लोंबणाऱ्या पारंब्याही छाटल्या. आत डबर आणि माती भरून वर काँक्रीट केलं, अगदी बुंध्याला भिडवून, म्हणजे भेगेत कचरा साचायला नको. त्यावर कडाप्पा. कडेला पांढऱ्या टाइल्स. काँक्रीटवर पाणी मारायला तायडेच्या नळाला पाइप लावला होता, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ त्यानेच पाणी मारलं. पार झाला तेव्हा इतका सुंदर दिसायचा की शेजारच्या सोसायटीतले लोक बघायला आले. त्या वटपौर्णिमेला बायकोने पहिला दिवा लावला आणि वर खिडकीकडे बघितलं. मी खिडकीत उभा होतो. आमच्या संसारात तिने माझ्याकडे अशा नजरेने फार वेळा बघितलेलं नाही.

वड एकदम मेला नाही. मोठी झाडं कुरकुर करत नाहीत, हेच त्यांचं वाईट. पुढच्या वर्षी पालवी आली ती जरा बारीक. त्याच्या पुढच्या वर्षी भर पावसाळ्यात पानं गळायला लागली. सकाळी पार झाडून घेतला तरी दुपारपर्यंत पुन्हा पिवळा. मग शेंड्याकडच्या फांद्या उघड्या पडल्या. पक्षी कमी झाले. मला रेडिओवरच्या बातम्या नीट ऐकू यायला लागल्या. त्यानंतरच्या उन्हाळ्यात माझ्या खोलीत हिरवा उजेड नव्हता, साधं पांढरं ऊन होतं, आणि त्या उन्हात घरातल्या सगळ्या वस्तू फार जुन्या दिसायच्या.

तोच तो वैशाख. यंदा खिडकी लावून घेतली तरी जो आत आला तो.

बुंध्यावर बारीक भोकं दिसायला लागली होती आणि त्यांतून भुसा गळत होता. भुंग्यांचं काम ते. वाळणाऱ्या झाडाला लागतातच. पण दुसऱ्या मजल्यावरच्या कदमकाकूंनी ती भोकं पाहिली आणि जिन्यात मला गाठलं. माझ्या हातात दुधाची पिशवी होती.

“भाऊजी, बघितलंत का भोकं? गिरमिटाने पाडावीत तशी. हिंग घातलाय आत. हिंगाने झाड जळतं.”

“कोण घालेल काकू?”

“आता मी कशाला नाव घेऊ. ज्याची मोरी तुंबते तो. आणि त्यांना काय देवाधर्माचं.”

‘त्यांना’ म्हणताना त्यांनी आवाज खाली आणला. असे शब्द आमच्याकडे आवाज खाली आणूनच म्हटले जातात, म्हणजे म्हणणाऱ्यालाही आपण काही म्हटलं असं वाटत नाही. मी तिथेच म्हणायला हवं होतं की मुळं मी कापायला लावली. वाक्य एवढंच होतं. मी म्हणालो, “कोण जाणे.” आणि दूध घेऊन वर आलो.

मी तायडेचं नाव कधीही घेतलं नाही, असं मी पुढे अनेक वर्षं स्वतःला सांगत आलो. खरंच घेतलं नाही. पण सेक्रेटरीने ‘कोण जाणे’ म्हटलं ही बातमी दुपारपर्यंत तिन्ही मजल्यांवर पोचली होती.

माझी मुलगी मीनल तेव्हा कॉलेजात होती, वनस्पतिशास्त्र शिकत होती. परीक्षा संपून घरी होती. एका संध्याकाळी माझ्याशेजारी खिडकीत उभी राहून ती बराच वेळ खाली बघत राहिली. मग म्हणाली, “बाबा, पाराचा पाया खणताना मुळं लागली असतील ना?”

“लागली.”

“मग?”

मी सांगितलं. ती माझ्याकडे वळली. “मुळं कापून वरून काँक्रीट. पाणी कुठून जाणार त्याला? हिंगबिंग काही नाही बाबा. तुम्ही खाली जाऊन सांगा सगळ्यांना. तायडेकाकांबद्दल लोक काय बोलतायत माहितीये ना?”

“बघू,” मी म्हणालो. “आणि आईला आत्ता बोलू नकोस. पार तिने मागितला होता. तिला लागेल.”

हे खोटं नव्हतं. तिला लागलंच असतं. पण मी गप्प बसलो ते तिच्यासाठी, असं म्हणायला आता जीभ वळत नाही. सगळी गल्ली ज्या पाराबद्दल मला ‘परबसाहेब’ म्हणत होती, तो माझा होता.

त्याच आठवड्यात बुद्धपौर्णिमा आली. दरवर्षी त्या दिवशी तायडेवहिनी खीर करायच्या आणि इमारतीत घरोघर वाट्या पाठवायच्या, वेलची घातलेली, घट्ट, वरून चारोळ्या. दिवाळीत आमच्याकडचा फराळ त्यांच्याकडे, वैशाखात त्यांची खीर आमच्याकडे, असा रिवाज पडून गेला होता. त्या वर्षीही त्या स्वतः ताट घेऊन जिना चढल्या. काही दारं उघडलीच नाहीत. कुणाला उपास होता, कुणाला साखर वाढलेली. आमचं दार उघडलं. माझ्या बायकोने वाटी घेतली, “बसा ना वहिनी” म्हणाली, त्या नको म्हणाल्या. दार लावून ती स्वयंपाकघरात गेली आणि मी दारातून बघितलं, तिने खीर मोरीत ओतली. वाटी घासली. वाटी रिकामी परत द्यायची नसते, म्हणून तिने ती पुसून तिच्यात साखर भरली आणि खाली देऊन आली.

ती वाईट बाई नव्हती. तिचा वड मारला होता कुणीतरी, असं तिला वाटत होतं. तो मारणारा तिच्यामागे चार पावलांवर उभा होता आणि त्याने एक शब्द बोलला असता तर ती खीर तिने खाल्ली असती.

पुढे ज्येष्ठ लागायच्या आत महापालिकेची माणसं आली. झाड धोक्याचं म्हणून ठरलं होतं. सकाळी करवत सुरू झाली आणि वरच्या फांद्या दोराने एकेक करत उतरायला लागल्या. वाळलेल्या झाडालाही चीक असतो हे मला तेव्हा कळलं. खालच्या भागात अजून जीव होता. तो वास घरात भरला. बायको देवासमोर बसून राहिली. खाली मुलं ओंडक्यांवर उड्या मारत होती. तायडे दारात उभा होता, शर्ट घातलेला, हात मागे. त्याच्या आणि वडाच्या मध्ये गल्लीतले लोक होते आणि त्यांच्यातला प्रत्येक जण अधूनमधून मान वळवून त्याच्याकडे बघत होता.

बुंधा काढायला पार फोडावा लागला. दुपारची वेळ, बाकीचे जेवायला गेले होते, मी एकटा उभा होतो. कडाप्पा निघाला, काँक्रीट निघालं, आणि खाली माती इतकी कोरडी होती की फावडं मारलं तर धूळ उडाली. तीन पावसाळे त्या मातीत उतरलेच नव्हते. कापलेल्या मुळांच्या टोकांना नव्या बारीक मुळ्यांचे झुपके फुटले होते. ते सगळे काँक्रीटच्या आतल्या अंगाला चिकटून, गोल गोल फिरून, तसेच वाळले होते. बाहेर जायची वाट शोधत होते. मी ते बघितलं आणि मजुराला म्हणालो, “भर टेम्पोत.”

त्या वर्षीच्या वटपौर्णिमेला बायकांनी स्टेशनजवळच्या मंडईतून वडाच्या फांद्या विकत आणल्या. कुठल्या तरी दुसऱ्या वडाच्या. बायकोने आमच्या हॉलमध्ये पाटावर फांदी ठेवून तिला सूत गुंडाळलं. सातही जन्मांसाठी तिने मलाच मागितलं असणार. ती जाऊन आता बरीच वर्षं झाली, मी आहे.

तायडेची खुर्ची नंतर बाहेर आली नाही. बसायला सावलीही नव्हती म्हणा. आम्ही भेटलो की “काय, बरं?” आणि “बरं” एवढंच. पुढे इमारत पुनर्विकासात गेली, आम्ही सगळे भाड्याच्या घरांत पांगलो, तायडे मंडळी कळव्याला गेली. तिकडेच तायडेवहिनी आजारी पडल्या आणि गेल्या. मला कळलं ते तेराव्या-चौदाव्या दिवशी. भेटायला जाईन म्हणालो आणि गेलो नाही. टॉवर उभा राहिला, आम्ही परत आलो. मी अकराव्या मजल्यावर, तायडे मुलाबरोबर चौथ्या. टॉवरचं नाव इंग्रजी आहे. काही वर्षं जुने रिक्षावाले अजून ‘वडापाशी का?’ विचारायचे. आता तेही विचारत नाहीत, मोबाइलमध्ये बघतात. वड तोडला तेव्हा झाड गेलं होतं. पत्ता त्यानंतर खूप हळू गेला. मुलुंडात मी पन्नासेक वर्षं राहतोय, त्याच जमिनीवर, आणि कधी कधी फाटकातून आत येताना मला आपण चुकून दुसऱ्याच्या सोसायटीत शिरलो असं वाटतं.

मीनल आता बंगळूरला असते. यंदा त्या अर्ध्या दाढीच्या दिवशी मी तिला फोन केला. करवतीचा आवाज तिलाही ऐकू गेला असावा. तिने एवढंच विचारलं, “बाबा, सांगितलंत का कधी?”

मी ठरवलं की सांगायचं. आणि माणूस भित्रा असला की सोप्या जागेपासून सुरुवात करतो, तशी मी आताच्या सेक्रेटरीपासून केली. चांगला मुलगा आहे, कंप्युटरमध्ये काम करतो. पोडियमवर कुंडीतल्या पामांना पाणी घालणाऱ्या माळ्याला तो काही सांगत होता.

“मला मीटिंगमध्ये पाच मिनिटं बोलायचंय,” मी म्हणालो. “इथला वड तायडेंनी मारला असं लोक म्हणायचे. ते खरं नाही.”

“कुठला वड काका?”

“इथे होता. तुझी गाडी लागते ना, तिथे.”

“ओके,” तो म्हणाला. “म्हणजे आता काही कंप्लेंट आहे का?”

काही नव्हती. जुन्या लोकांपैकी कदमकाकू गेल्या. बाकीच्यांनी जागा विकल्या, कुणी विरारला, कुणी गावी. ज्यांनी मान वळवून बघितलं होतं त्या माना आता मला कुठे सापडणार. जे नव्याने आले त्यांना वडच माहीत नाही, मग त्याच्या खुनाचा आळ माहीत असण्याचा प्रश्न नाही. खरं सांगायला मी तयार झालो तेव्हा ते ऐकायला कुणी उरलं नव्हतं. म्हणजे एकच माणूस उरला होता.

दुपारी चौथ्या मजल्यावर गेलो. मुलगा-सून कामावर. तायडेने काठी टेकत दार उघडलं. एका डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, हिरवा चष्मा.

“अरे वा, परब. लिफ्ट चुकली काय?”

“तुझ्याकडेच आलो.”

“मग सोसायटीची वर्गणी असणार. मुलगा आला की ये.”

आम्ही बसलो. बाहेर करवत चालू होती. मी जमिनीकडे बघत सगळं सांगितलं. चर, मुळं, ‘काप’, जिन्यातलं ‘कोण जाणे’, पार फोडल्यावर बघितलं ते. खीर मोरीत गेली तेही सांगितलं. सांगून झालं तेव्हा मला, खोटं कशाला लिहू, थोडं हलकं वाटायला लागलं होतं.

तायडे म्हणाला, “मला माहीत होतं रे.”

“काय माहीत होतं?”

“सगळंच. माझ्या खिडकीसमोर खणलंत तुम्ही. तू ‘काप’ म्हणालास तेव्हा मी आत दाढी करत होतो. कापलेली मुळं गवंड्याने माझ्याच दारात टाकली होती. हिने वाळवून बंबात घातली. महिनाभर आंघोळ केली त्यांवर.”

“मग तू बोलला का नाहीस?”

त्याने चष्मा काढून डोळा पुसला आणि पुन्हा घातला. “ज्याच्यावर आळ त्याने दुसऱ्याकडे बोट दाखवायचं? कोण ऐकणार होतं? आणि माझं तोंड असं, मी बोललो असतो तरी हसलेच असते. तू बोलशील म्हणून थांबलो. सेक्रेटरी होतास. रोज संध्याकाळी शेजारी बसायचास. एक पावसाळा थांबलो. मग दुसरा गेला. मग म्हटलं, जाऊ दे.”

“तायडे, मी…”

“थांब. माझं मला काही वाटत नाही. टेलिफोन खात्यात तीस वर्षं शिव्या खाल्ल्यात.” तो थोडा वेळ काठीच्या मुठीवर अंगठा फिरवत राहिला. “कळव्याला ही शेवटी शेवटी अंथरुणावर होती. एका दुपारी मला म्हणाली, अहो, रागावू नका. एक विचारते. त्या झाडाला तुम्ही खरंच काही घातलं नव्हतं ना?”

बाहेरची करवत तेवढ्यात थांबली होती की मला ऐकू येईनासं झालं, ते सांगता येणार नाही.

“मुळं बंबात घातली हिने स्वतःच्या हाताने,” तायडे म्हणाला, “आणि तरी तिला वाटलं. इतक्या लोकांनी इतकी वर्षं तोंड फिरवलं तर बाईला वाटणारच. मी म्हटलं, नाही गं. ती म्हणाली, बरं. तेवढंच. ‘बरं’ म्हणाली, परब. विश्वास बसला असता तर म्हणाली असती, मला माहीतच होतं. भांडली असती कदमबाईच्या नावाने. बरं म्हणून तिने कूस बदलली.”

मी खुर्ची त्याच्याजवळ ओढली. मग म्हणालो, “मी काय करू सांग. मीटिंगमध्ये बोलतो. फाटकावर पाटी लावतो. तू म्हणशील ते.”

“आणि तिला कोण सांगणार? तू?”

  माणसाने चूक कबूल केली की काहीतरी सुटतं, असं मी आयुष्यभर ऐकत आलो होतो. त्या खोलीत काहीही सुटलं नाही. मी दिलेलं खरं त्याच्याकडे आधीपासून होतं. ज्या एका बाईला ते हवं होतं तिच्यापर्यंत जायला रस्ता नाही. मी फार तर त्या खुर्चीत बसून राहू शकत होतो, म्हणून बसून राहिलो. त्याने उठून, धडपडत, गॅस पेटवून दोन कप चहा केला. मी उठायला लागलो तर म्हणाला, “बस. मला दिसतं तेवढं.” चहात साखर जास्त होती. आम्ही तो प्यायलो.

निघताना दारात मी म्हणालो, “मी हे लिहिणार आहे. कुठे छापून येईल तिथे येईल. तुझं नाव घातलं तर चालेल का?”

“माझं घाल नाहीतर राहू दे,” तो म्हणाला. “पण तिला नुसतं तायडेवहिनी लिहू नकोस. आख्ख्या इमारतीत तिचं नाव कुणाला माहीत नव्हतं. तुलाही नाही.”

मला नव्हतं. मी त्यालाच विचारलं. त्याने सांगितलं.

त्यांचं नाव सुमन होतं. सुमन मधुकर तायडे. त्यांच्या नवऱ्याने त्या वडाला काहीही केलेलं नव्हतं.